अंकी: उजळणीची वेळ ॲप सांभाळतं, खूणगाठ तुम्हालाच बांधावी लागते

'यशवंतसागर कोणत्या धरणाचा जलाशय?' असं विचारलं की एमपीएससीची तयारी करणारे अनेक जण 'कोयना' म्हणून मोकळे होतात. बरोबर उत्तर उजनी. ही चूक वाचन कमी पडल्यामुळे होत नाही. यशवंतराव चव्हाण म्हटलं की कराड आठवतं, कराड म्हटलं की प्रीतिसंगम, आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते ती कोयना. ही साखळी इतकी पक्की असते की भीमेवरच्या उजनीचा नंबर लागायच्या आत तोंडातून कोयना निघून जातं. त्यात चांदोलीचा वसंतसागर यमक जुळवून मध्ये घुसतो आणि माणिकडोहचा शहाजीसागर कोयनेच्या शिवसागराशी गुंतून बसतो.

अंकी या फ्लॅशकार्ड ॲपचं परीक्षण याच गोंधळाच्या अंगाने केलं आहे. ॲप दिसतं कसं, रंग कोणते, आकडेवारीचे आलेख किती सुंदर यावर पुष्कळ लिहून झालंय. प्रश्न एवढाच आहे की एकमेकांत मिसळणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवायला हे ॲप कितपत उपयोगी पडतं. उजळणीची तारीख ठरवण्यात त्याचा हात धरणारं मोफत साधन दुसरं नाही. गल्लतीच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ आंधळं आहे, आणि तो आंधळेपणा झाकायला काही सेटिंग्ज आणि कार्ड लिहिण्याची थोडी शिस्त लागते.

आधी व्यवहाराचं. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट. अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइड वेगळ्या स्वयंसेवकांनी बनवलेलं आहे, तेही फुकट. आयफोनवरचं अंकीमोबाइल तेवढं विकतचं: अमेरिकेत २४.९९ डॉलर, एकदाच भरायचे. अंकीवेबवरून सगळी उपकरणं एकमेकांशी जुळवून घेता येतात, त्याचेही पैसे नाहीत. नावात 'अंकी' असलेली आणि दरमहा वर्गणी मागणारी काही ॲप्स स्टोअरवर दिसतात. मूळ प्रकल्पाशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा डाउनलोड करण्याआधी नाव नीट वाचा. कार्डं बनवायला संगणक घ्या, फोनवर फक्त उजळणी करा. फोनवर कार्डं लिहिणारे लोक प्रश्न तोकडे लिहितात, आणि तोकडा प्रश्न म्हणजे कमकुवत खूण.

माणूस विसरतो का, याचं अंकीच्या पोटातलं उत्तर साधं आहे: वेळ गेला म्हणून. हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ च्या विस्मरणाच्या वक्राचं उत्तर. स्वतःवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं की निरर्थक अक्षरगट पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जातात. पण १९५७ मध्ये बेंटन अंडरवुड यांनी जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा वेगळंच निघालं. पहिल्यांदाच एखादी यादी पाठ करणारे लोक चोवीस तासांत साधारण पाव भाग विसरत होते. आधी पुष्कळ याद्या पाठ केलेले लोक पाऊण भाग. वेळ तेवढाच, यादी तशीच, फरक फक्त आधी डोक्यात साठलेल्या सारख्या मालाचा. एबिंगहाउस यांनी तर अशा याद्यांचा डोंगर रचला होता, त्यामुळे त्यांचा वक्र इतका उतरता का, याचंही बरंचसं उत्तर यात मिळतं. आधी शिकलेलं नव्याला अडवतं, तसं नवीन शिकलेलं जुन्यालाही अडवतं. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो.

दुसरा मुद्दा खुणेचा. एंडेल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये शब्दांच्या याद्या प्रवर्गवार पाठ करून घेतल्या. नुसतं 'आठवा' म्हटलं तेव्हा जे सापडत नव्हतं, त्यातलं बरंचसं प्रवर्गाचं नाव समोर ठेवताच बाहेर आलं. म्हणजे माल गोदामात होता, किल्ली नव्हती. १९७५ मध्ये ओल्गा आणि मायकेल वॉटकिन्स यांनी याची उलटी बाजू मांडली: एकाच किल्लीला जितकी जास्त कुलपं, तितकी ती किल्ली निकामी. 'सागर' हा शब्द महाराष्ट्राच्या भूगोलात अशीच झिजलेली किल्ली आहे. नाथसागर, शिवसागर, यशवंतसागर, वसंतसागर, ज्ञानेश्वरसागर, तानाजीसागर, शहाजीसागर: सात नावं, सातांना एकच शेपूट. 'डॉ. आंबेडकरांचं वृत्तपत्र' या खुणेचंही तेच. तिच्यामागे मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत असे पाच उभे आहेत.

आता अंकी काय करतं ते पाहू. कार्ड दिसतं, तुम्ही मनात उत्तर देता, पाठची बाजू उघडता आणि चार बटणांपैकी एक दाबता: अगेन, हार्ड, गुड, ईझी. यावरून पुढची तारीख ठरते. पूर्वी हे काम प्योत्र वोझ्न्याक यांच्या १९८७ च्या एसएम-२ पद्धतीवर चालायचं. २०२३ च्या अखेरीपासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत आत आली आहे. ती डेक ऑप्शन्समध्ये (डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा) खाली चालू करता येते आणि एकदा चालू केली की सगळ्या डेकना लागू होते. ती तुमच्या मागच्या उत्तरांवरून तुमचा विसरण्याचा वेग काढते, आणि तिचे अंदाज जुन्या पद्धतीपेक्षा सरस आहेत. चालू करा, महिन्यातून एकदा ऑप्टिमाइझ दाबा, बाकी तिला हात लावू नका.

पण या दोन्ही पद्धती प्रत्येक कार्ड एकटं समजतात. उजनीचं कार्ड आणि कोयनेचं कार्ड एकमेकांच्या पायात पाय घालतात, हे त्यांना कळायला मार्गच नाही. त्याहून मोठी अडचण अगेन बटणात आहे. तुम्हाला काहीच आठवलं नाही तरी अगेन, आणि 'कोयना' ठामपणे आठवलं तरी अगेन. पहिल्या प्रकारात कार्ड लवकर पुन्हा दाखवणं हा इलाज आहे. दुसऱ्या प्रकारात नाही, कारण तिथे उत्तर पुसट झालेलं नसतं, भलतंच उत्तर वरचढ झालेलं असतं. कार्ड दहा वेळा दाखवाल तर दहा वेळा आधी कोयनाच येईल आणि मग तुम्ही 'हां, उजनी' म्हणाल. चुकून काय उत्तर दिलंत हे अंकी विचारत नाही, साठवतही नाही. उत्तर टाइप करण्याच्या कार्डप्रकारात ते तुमचं उत्तर शेजारी दाखवतं, पण तेवढ्यापुरतंच. इतकी वर्षं चालत आलेल्या प्रकल्पात ही उणीव राहावी, हे खटकतं.

पळवाट अशी. टूल्स मेनूतल्या मॅनेज नोट टाइप्समध्ये जाऊन बेसिक प्रकाराची प्रत काढा आणि तिला दोन जादा फील्ड, म्हणजे मजकुराचे रकाने, जोडा: 'खूण' आणि 'गल्लत'. उजळणीच्या वेळी भलतं उत्तर आलं की ई कळ दाबा, म्हणजे कार्ड तिथेच संपादनासाठी उघडतं. गल्लत फील्डमध्ये तो चुकीचा शब्द लिहा, 'कोयना', बस्स. हे फील्ड कार्डाच्या पाठच्या बाजूला लहान अक्षरात दिसू द्या. सोबत कंट्रोल-२ दाबून नारिंगी झेंडा लावा. कोरा गेलात तर कंट्रोल-१, लाल झेंडा. अंकीच्या ब्राउझरच्या, म्हणजे सगळ्या कार्डांची यादी दाखवणाऱ्या खिडकीच्या, डाव्या पट्टीत झेंड्यांना नावं देता येतात: लाल 'कोरं', नारिंगी 'गल्लत'. आठवड्याच्या शेवटी नारिंगी झेंड्यांची यादी काढली की कोणत्या जोड्या भांडतात ते एका नजरेत कळतं. लाल झेंड्यांकडे ढुंकूनही पाहू नका, ते काम अंकी करतं.

गल्लत पकडण्याची अंकीची स्वतःची एकच यंत्रणा आहे, लीच. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की त्याला लीचचा टॅग लागतो आणि सेटिंगप्रमाणे ते सस्पेंड होतं, म्हणजे तुम्ही परत उघडेपर्यंत उजळणीत येत नाही. पहिल्यांदा शिकतानाच्या चुका यात धरत नाहीत. शिकून झाल्यावर विसरलं तरच मोजणी. पुढे दर चार चुकांना पुन्हा इशारा मिळतो. आठ हा आकडा फार मोठा आहे. गल्लतीचं कार्ड आठ वेळा चुकेपर्यंत चुकीचं उत्तर आठ वेळा घोकलं गेलेलं असतं. डेक ऑप्शन्समध्ये लीच थ्रेशोल्ड ४ करा आणि लीच ॲक्शन 'सस्पेंड कार्ड' ठेवा. अंकीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एक चांगला सल्लाही आहे: दोन सारख्या गोष्टी गोंधळ करत असतील तर एक बाजूला ठेवा, दुसरी पक्की झाल्यावर पहिलीकडे या. सल्ला बरोबर, पण तो हाताने अमलात आणावा लागतो. अंकीकडे त्यासाठी बटण नाही.

ते हाताने असं करा. जुळी कार्डं बनवतानाच एकाला 'जुळं' असा टॅग लावून ब्राउझरमध्ये कंट्रोल-जे ने सस्पेंड करा. उदाहरणार्थ ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती. दोन्ही १९९२ च्या, दोन्ही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. एक ग्रामीण, अकरावी अनुसूची, २९ विषय, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. दुसरी नागरी, बारावी अनुसूची, १८ विषय, अंमल १ जून १९९३ पासून. ही आठ कार्डं एकाच संध्याकाळी डेकमध्ये टाकणं म्हणजे गल्लतीला आमंत्रण. आधी ७३ वीचीच चार कार्डं चालू करा. २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिन, म्हणजे तारखेला आयती खूण आहे. ब्राउझरमधल्या इंटरव्हलच्या स्तंभात चारही कार्डं २१ दिवसांच्या पुढे गेलेली दिसली की (अंकी याच टप्प्याला 'मॅच्युअर' म्हणतं) ७४ वी उघडा. मग तिची प्रत्येक खूण पहिलीच्या तुलनेत बांधता येते: अनुसूची एकाने पुढे, विषय ११ ने कमी.

इथे एक खाचखळगा आहे. १९९४ मध्ये मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी दाखवलं की एका गटातल्या काही गोष्टी वारंवार आठवल्या, तर त्याच गटातल्या न आठवलेल्या गोष्टी आणखी दबतात. म्हणून जुळं सस्पेंड करायचं ते शिकायच्या आधी. अर्धवट शिकलेलं जुळं महिनाभर बाजूला ठेवलं तर ते जागच्या जागी राहत नाही, घसरतं. दोन्ही आधीच अर्धी शिकून बसला असाल तर सस्पेंडच्या भानगडीत न पडता सरळ भेदाचं कार्ड लिहा.

भेदाचं कार्ड म्हणजे दोन्ही दावेदार एकाच प्रश्नात आणणारं कार्ड. पुढच्या बाजूला: 'कोयना आणि उजनी: यशवंतसागर कोणाचा? दुसऱ्याच्या जलाशयाचं नाव काय?' पाठीमागे: 'उजनीचा. कोयनेचा शिवसागर. यशवंतराव कृष्णाकाठचे, जलाशय भीमेचा.' शेवटची ओळ ही खरी खूणगाठ. जी साखळी चुकीकडे नेत होती, तिलाच इशाऱ्याची पाटी लावली आहे. असं कार्ड दोघं थोडे स्थिरावल्यावरच लिहावं. पहिल्याच दिवशी लिहिलं तर दोन्ही नावं दोन्ही धरणांना चिकटतात आणि गुंता वाढतो. सगळ्याच जोड्यांना असं कार्ड लिहीत बसू नका. नारिंगी झेंडा असलेल्यांपुरतंच.

चांगली खूण कशी ओळखायची? ती एकाच उत्तराकडे न्यायला हवी आणि परीक्षेच्या वेळी तुमच्यापाशी असायला हवी. 'जायकवाडी?' एवढंच लिहिलेलं कार्ड नदी, जिल्हा, जलाशय, कशाकडेही जातं. 'जायकवाडीच्या जलाशयाचं नाव?' हे ठीक. खूण फील्डमध्ये 'पैठणचे संत' लिहिलं की एकनाथ, म्हणून नाथसागर. मुळा धरण राहुरी तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात; त्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, म्हणून ज्ञानेश्वरसागर लक्षात ठेवायला सोपा. पानशेतहून सिंहगड जवळ, म्हणून तानाजीसागर. माणिकडोह जुन्नरकडे, शिवनेरीच्या आसपास, आणि शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांचे वडील शहाजी. चांदोली सांगली जिल्ह्याच्या टोकाला, म्हणून वसंतदादा. सात 'सागरां'पैकी पाचांना नकाशावरच खूण मिळते. शिवसागर आणि यशवंतसागर यांनाच ती मिळत नाही, आणि नेमके तेच दोघं भांडतात. नावं अशीच का ठेवली याच्या इतिहासात जायची गरज नाही. खूण खरी कारणमीमांसा असायलाच हवी असं नसतं, ती तुमच्या डोक्यात पक्की असली की पुरे.

हे खूण फील्ड प्रश्नासोबत उघडं ठेवू नका. उघडं ठेवलं तर उत्तर 'जायकवाडी'शी न जोडता 'पैठणचे संत' या शब्दांशी जोडलं जातं, आणि प्रश्नपत्रिकेत ते शब्द नसतात. कार्ड टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसात फील्डच्या नावाआधी इंग्रजीतला हिंट हा शब्द आणि कोलन टाकला की तिथे दुवा दिसतो, आणि दाबल्यावरच खूण उघडते. फील्ड रिकामं असेल तर दुवाही दिसत नाही. नियम कडक ठेवा: खूण उघडावी लागली तर अगेन. हार्ड नाही. हार्डचा अर्थ 'कष्टाने पण आठवलं' असा आहे. विसरलेल्यावर हार्ड दाबणारे लोक एफएसआरएसला खोटी माहिती पुरवतात आणि मग कार्डं अवाच्या सव्वा लांब गेली म्हणून ॲपला बोल लावतात.

कार्डाचा आकार ही आणखी एक फसवी खूण. एकच प्रश्न लांबलचक, एकातच कंस, एकातच ठळक अक्षर, असं असलं की डोळे प्रश्न वाचण्याआधीच कार्ड ओळखतात. डेकमध्ये ९५ टक्के बरोबर आणि सराव परीक्षेत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की पाटी कोरी, याचं बहुतेक वेळा हेच कारण. उपाय कंटाळवाणा आहे: एका गटातले सगळे प्रश्न एकाच साच्यात लिहा, म्हणजे वेगळेपण मजकुरातच शोधावं लागेल. महत्त्वाच्या मोजक्या गोष्टींना दोन वेगळ्या शब्दरचनांची कार्डं करा.

उलटी कार्डं, म्हणजे धरण ते जलाशय आणि जलाशय ते धरण, दोन्ही दिशांनी हवीत, कारण एका दिशेची खूण दुसरीकडे आपोआप चालत नाही. मात्र जिथे एकास एक नातं आहे तिथेच. 'बहिष्कृत भारत कधी सुरू झालं?' याचं उत्तर ३ एप्रिल १९२७. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ही त्याची खूण. ती बांधली की १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेशी त्याची गल्लतही थांबते. पण उलटं कार्ड, '१९२७ मध्ये काय?', निरर्थक. त्या एका वर्षात चवदार तळं आहे, मनुस्मृतिदहन आहे, आणखीही बरंच आहे. उलटी कार्डं केली की डेक ऑप्शन्समध्ये सिब्लिंग्ज 'बरी' (bury, म्हणजे त्या दिवसापुरती मागे ठेवणं) करण्याचे सगळे पर्याय चालू करा, म्हणजे एकाच नोंदीची भावंडं एकाच दिवशी समोर येत नाहीत. नाहीतर सकाळच्या पहिल्या कार्डाने दुसऱ्याचं उत्तर सांगून टाकलेलं असतं. सारख्यांना वेगळं ठेवण्याची अंकीमधली हीच एकमेव आपोआप चालणारी सोय, आणि तीही एकाच नोंदीपुरती.

याद्यांच्या बाबतीत क्लोज (cloze, म्हणजे गाळलेली जागा भरण्याची) कार्डं जपून वापरा. मजकुरातला शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की तो झाकला जातो, म्हणून लोक पाच वृत्तपत्रांची ओळ टाकतात आणि पाच क्लोज करतात. प्रत्येक कार्डात चार नावं उघडी, एक झाकलेलं. हे आठवणं नव्हे, गाळलेलं शोधणं आहे. शिवाय नॉर्मन स्लामेका यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की यादीतली काही नावं समोर दिली तर उरलेली आठवायला मदत होण्याऐवजी अडथळाच होतो. पाचांची साखळी करा: मूकनायकनंतर कोणतं, बहिष्कृत भारतनंतर कोणतं. जनताचंच पुढे १९५६ मध्ये प्रबुद्ध भारत झालं, तेव्हा ती कडी फुकटात मिळते. २९ विषयांची यादी मात्र कार्डांत कोंबूच नका. ती कागदावर लिहून काढायची गोष्ट आहे.

नकाशासाठी इमेज ऑक्लूजन, म्हणजे चित्रातला भाग झाकून तो विचारण्याची सोय, आता मूळ अंकीतच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही. त्यात दोन पर्याय दिसतात. 'हाइड वन, गेस वन' घेतलं तर बाकीची नावं उघडी राहतात आणि उत्तर वजाबाकीने निघतं. 'हाइड ऑल, गेस वन' घ्या. आणि झाकणारे चौकोन सगळे एकाच मापाचे काढा. ज्ञानेश्वरसागर झाकायला लांब पट्टी आणि नाथसागर झाकायला आखूड, असं झालं की पट्टीच उत्तर सांगते.

रोजच्या आकड्यांबद्दल थोडंसं. मुळात दिवसाला २० नवी कार्डं आणि २०० उजळण्या असं प्रमाण दिलेलं असतं, आणि उजळणीची मर्यादा नव्या कार्डांच्या दहापट तरी हवी असं ॲप स्वतःच सुचवतं. हे पेलतं. पण वीसच्या वीस नवी एकाच प्रकरणातून घेऊ नका. एका गोताची तीन-चार पुरे, बाकी दुसऱ्या विषयांची. त्यासाठी नव्या कार्डांचा क्रम डिस्प्ले ऑर्डरमध्ये यादृच्छिक ठेवता येतो, पण त्याने जुळीही एकत्र येऊ शकतात, म्हणून आधी सस्पेंड आणि मग यादृच्छिक. डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे उजळणीच्या वेळी किती टक्के कार्डं आठवायला हवीत, ९० टक्के असतं, तिथेच ठेवा. ते ९७ केलं की उजळण्यांचा ढीग बेसुमार वाढतो, आणि गल्लतीची कार्डं त्याने सुधारत नाहीत, फक्त जास्त वेळा चुकतात.

टेलिग्रामवर फिरणारे तयार डेक घ्यावेत का? बहुतेक वेळा नाही. टिमो मॅन्टिला यांनी १९८६ मध्ये लोकांना प्रत्येक शब्दासाठी स्वतःच्या तीन खुणा लिहायला लावल्या. त्या खुणा परत दाखवल्यावर पाचशेहून अधिक शब्दांपैकी सुमारे ९० टक्के आठवले. दुसऱ्याने लिहिलेल्या खुणांवर तोच आकडा बराच खाली आला. तयार डेकमध्ये माहिती मिळते, खूण मिळत नाही. घ्यायचाच असेल तर सगळी कार्डं सस्पेंड करून आयात करा आणि आपल्या वाचनात येतील तशी, खूण फील्ड भरून, एकेक उघडा.

देवनागरीची किरकिर थोडी आहे. मूळ अक्षर २० पिक्सेलचं एरियल असतं. जोडाक्षरं त्यात चिमुकली दिसतात. टेम्प्लेटच्या स्टायलिंगमध्ये नोटो सॅन्स देवनागरी आणि २८ करा. उत्तर टाइप करायचा प्रकार अक्षर न् अक्षर ताडून पाहतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा किंवा अनुस्वाराचा फरकही लाल दिसतो. बटण शेवटी तुम्हीच दाबायचं असतं, तेव्हा ते मनावर घेऊ नका. अंक एक तर सगळीकडे देवनागरी ठेवा नाहीतर सगळीकडे इंग्रजी, नाहीतर ब्राउझरमध्ये शोधताना निम्मी कार्डं सापडत नाहीत.

फोन-संगणक नको असणाऱ्यांसाठी सेबास्टियन लाइटनर यांची पाच कप्प्यांची पेटी अजून चालते, आणि एका बाबतीत ती सरस आहे: भांडणारी दोन कार्डं हातात शेजारी शेजारी धरता येतात. शंभर-दोनशे कार्डांपुढे मात्र ती आवरत नाही.

कोणत्या परीक्षेला किती उपयोग, हेही पाहायला हवं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, वजा. तिथे चार पर्याय म्हणजे चार दावेदारच समोर उभे केलेले असतात आणि 'जोड्या लावा' तर शुद्ध गल्लतीची परीक्षा. भेदाची कार्डं इथे थेट गुण देतात. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तिथे पर्यायही नाहीत आणि खूणही नाही. विषयाचं नाव आणि कोरा कागद. अंकी त्या कामाला तयार करत नाही. त्यासाठी आठवड्याला एक असं कार्ड ठेवता येतं ज्याच्या पुढच्या बाजूला फक्त '७३ वी दुरुस्ती: कागदावर मांडा' असं असेल आणि पाठीमागे मुद्द्यांची संख्या. मुद्दे किती राहिले ते मोजून बटण दाबायचं. ही अंकीची ओढूनताणून केलेली उपयोगिता आहे, पण चालते.

परीक्षेआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत नव्या कार्डांची मर्यादा शून्य करा, कारण त्या काळात घातलेली सारखी कार्डं जुन्यांनाच धक्का देतात. नारिंगी झेंड्यांचा एक फिल्टर्ड डेक, म्हणजे निवडक कार्डांचा तात्पुरता गठ्ठा, काढा आणि उत्तरांवरून पुढच्या तारखा बदलण्याचा पर्याय त्यात बंद ठेवा, म्हणजे या घाईच्या फेऱ्यांनी मूळ वेळापत्रक बिघडत नाही. शंभरच्या वर झेंडे निघाले तर सगळे घेऊ नका. ज्या कार्डांच्या गल्लत फील्डमध्ये तोच शब्द दोनदा लिहिला गेलाय, तेवढेच.